चौथ्या प्रकरणातली कडी

प्रबंध जमा करायला दीड आठवडा उरला होता तेव्हा डोंबिवली स्टेशनजवळच्या बायंडिंगवाल्याचा फोन आला. नमुन्याची एक प्रत त्याने छापून पाहिली होती आणि चौथ्या प्रकरणातलं मोठं चित्र धुरकट येत होतं. "मॅडम, मोठ्या साइजमध्ये काढून पाठवा ना. नाहीतर मग बोलू नका छपाई खराब आली म्हणून." मी त्याच्यावर खेकसले. माझा स्वभाव आधीच तिरसट, त्यात सात वर्षं एकाच कामात घालवलेली, त्यामुळे त्या दिवसांत माझ्याशी जो कोणी बोलेल तो चुकतच असे. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी लॅपटॉप उघडला आणि ते चित्र पुन्हा काढायला बसले.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा माझा. समोर खिडकी, खिडकीला ग्रील, आणि खिडकी बहुतेक वेळा बंद, कारण एमआयडीसीतून कधी कसला वास येईल याचा नेम नाही. सात वर्षं मी त्या बंद खिडकीसमोर बसले. माझ्या मामेबहिणीचं लग्न होऊन तिची मोठी मुलगी शाळेत जायला लागली, आणि मी तिथेच. नातेवाईक पहिली दोन वर्षं "कसं चाललंय?" विचारायचे. नंतर "संपलं का?" विचारू लागले. शेवटी शेवटी तर विचारेनासे झाले, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

काम काय होतं ते सांगते. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती सरळ राहत नाही, स्वतःभोवती गुंडाळून बसते, आणि गुंडाळल्यावर माळेत एकमेकांपासून खूप लांब असलेले मणी शेजारी येतात. कोणता मणी कोणाला टेकलाय याच्या याद्या करायच्या आणि त्या याद्यांवरून ते प्रोटीन कसं हलतं, कशाने घट्ट राहतं, हे ओळखायचं. दोन मण्यांचे अणू साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत आले तर आम्ही त्याला स्पर्श म्हणतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आई शेजारच्या काकूंना सांगायची, "ती कोण कोणाला चिकटलंय ते बघते." त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "मग ते तर आम्हीपण बघतो की."

माझं प्रोटीन म्हणजे एक एंझाइम, दोन भागांचं, डबीच्या दोन झाकणांसारखं. औषधाचा रेणू आत येऊन बसला की ते मिटतं. आणि मिटल्यावर ते मिटलेलं का राहतं, याचं उत्तर मला सापडलं होतं. अठ्ठ्याऐंशीवा मणी एका भागातला, दोनशे बारावा दुसऱ्या भागातला. एरवी ते एकमेकांपासून लांब असतात, पण औषध आत असलं की टेकतात. माझ्या सरांनी त्याला 'कडी' नाव दिलं. कडी लागली की दार बंद. या कडीवर एका संशोधन मासिकात आमचा पेपर छापून आला होता, चौथं प्रकरण पूर्ण तिच्यावर होतं आणि पाचवं निम्मं. बाकीच्या प्रकरणांत हजारो स्पर्श मोजलेले होते, पण ती नुसती हमाली. डॉक्टरेट मिळणार होती ती कडीवर.

तर ते चित्र. लॅपटॉपमधलं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मध्यंतरी नवीन झालं होतं. मी फाइल उघडली, ते दोन मणी शोधले, आणि त्यांच्यामध्ये फट दिसली. भलीमोठी फट, नऊ अँगस्ट्रॉम. मला वाटलं, चुकीची फाइल. प्रोटीनच्या रचनांच्या जागतिक संग्रहातून पुन्हा उतरवून घेतली. फट तशीच. मग मी फाइल साध्या अक्षरांत उघडली आणि त्या दोन मण्यांच्या ओळी वाचायला लागले, एकेका अणूची एकेक ओळ. प्रत्येक ओळ दोनदा होती. एकदा पुढे 'ए' अक्षर, एकदा 'बी'.

ही अक्षरं म्हणजे काय हे मला माहीत होतं. हेच तर सगळ्यात लाजिरवाणं. प्रोटीनचा स्फटिक करून त्याचं चित्र घेतात तेव्हा कोट्यवधी रेणूंचं मिळून एकच चित्र येतं. काही मणी निम्म्या रेणूंमध्ये एका बाजूला वळलेले असतात, निम्म्यांमध्ये दुसऱ्या बाजूला. मग फाइलीत दोन्ही जागा लिहितात, एक 'ए' आणि एक 'बी'. अठ्ठ्याऐंशीवा 'ए' जागी असतो तेव्हा दोनशे बारावाही 'ए' जागी, आणि तेव्हा दोघे लांब. दोघे 'बी' जागी, तेव्हाही लांब. पण मी पहिल्या वर्षी लिहिलेल्या प्रोग्रॅमने अक्षर न बघता सगळ्या ओळी एकदम वाचल्या होत्या. त्याला एकाचा 'ए' आणि दुसऱ्याचा 'बी' शेजारी दिसले आणि त्याने स्पर्श झाला म्हणून नोंद केली. जुनं सॉफ्टवेअर दोन्ही जागा एकावर एक दाखवायचं, त्यामुळे डोळ्यांनीही मला तेच दिसलं. औषध नसलेल्या रचनेचं चित्र कमी स्पष्ट होतं, तिथे दोन जागा वेगळ्या काढताच आल्या नव्हत्या, म्हणून तिथे स्पर्श नव्हता. ज्याला मी औषधाचा परिणाम समजत होते तो फक्त चित्राच्या स्पष्टपणातला फरक होता.

ते दोन मणी एकमेकांना कधीच टेकले नव्हते. कडी नव्हतीच.

मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली आणि सगळं पुन्हा चालवलं. वाटलं होतं सगळंच कोसळेल, आणि खरं सांगायचं तर कोसळलं असतं तर बरं झालं असतं, निदान निर्णय घ्यायची वेळ आली नसती. पण बाकीच्या याद्या जवळपास तशाच राहिल्या. गेली ती एकटी कडी.

संध्याकाळी मी जेवले नाही. आई किटी पार्टीला गेली होती. बाबा टीव्ही लावून बसले होते, आवाज बंद करून, कारण मी घरात काम करते तेव्हा आवाज बंद ठेवायची त्यांना सवयच झाली होती. बाबा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट केमिस्ट होते. तसे ते माझ्या कामात डोकं घालत नसत. पण ताट परत गेलेलं त्यांनी बघितलं होतं.

"काय झालंय गं?"

मी सांगायला लागले. रडत नव्हते, चिडून सांगत होते, जणू चूक त्यांचीच आहे. ए आणि बी, दोन मणी, चार जागा. बाबांनी मला मध्येच थांबवलं.

"म्हणजे आमच्या खोलीसारखं. मी कोकणातून मानपाड्याला आलेलो तेव्हा खोलीत खाटा दोन आणि आम्ही चौघं. दोघं दिवसपाळीला, दोघं रातपाळीला. माझ्या खाटेवर दिवसा दुसराच एक जण झोपायचा. त्याचं तोंड मी फक्त रविवारी बघायचो."

"हो. आणि माझ्या प्रोग्रॅमला वाटलं चौघेही एकदम खोलीत आहेत."

"मग या खाटेवरच्या दिवसपाळीवाल्याने त्या खाटेवरच्या रातपाळीवाल्याला धक्का मारला, असं लिहिलंस तू."

"हो."

"पण तो तर तेव्हा कामावर."

सात वर्षांत माझं काम इतकं नीट कोणाला कळलं नव्हतं. माझ्या कमिटीतल्या लोकांनाही नाही. मला एकदम भरून आलं. वाटलं, आता बाबा म्हणतील, मग सांगून टाक सरांना, होईल ते होईल. तीस वर्षं यांनी रसायनांचे आकडे लिहिले, चुकीचा आकडा म्हणजे काय हे यांना सांगायला नको. बाबांनी टीव्हीचा रिमोट उचलला.

"कुणाला कळेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि आवाज लावला. मला त्यांचा इतका राग आला की मी दार आपटून आत गेले. पण आत जाऊन बसल्यावर मला कळत होतं की हा प्रश्न मीही दुपारपासून स्वतःला विचारत होते. त्यांनी तो फक्त मोठ्याने विचारला होता, आणि तोही माझ्यासाठीच.

दोन दिवसांनी मी सरांकडे गेले. सर घोडबंदर रोडवर एका उंच टॉवरमध्ये राहतात. ठाण्याहून बस घेतली आणि बस माजिवड्याच्या पुढे जी अडकली ती अडकलीच. पुढे डंपर, मागे डंपर, शेजारी मेट्रोच्या कामाचे पत्रे. बसमध्ये मी वाक्य जुळवत होते. "सर, एक छोटीशी गोष्ट." नको, छोटी कशी? "सर, चौथं प्रकरण काढावं लागेल." दीड तासात मी ते वाक्य इतक्या प्रकारे म्हणून पाहिलं की उतरताना ते मला परक्याचं वाटायला लागलं.

सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. हॉलभर खोकी पडलेली, ऑफिसातली पुस्तकं घरी आणलेली. सर आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना अहोजाहो करतात. एका खोक्यावरची धूळ रुमालाने पुसून ते त्यावर बसले आणि खुर्ची मला दिली. मी बोलायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात पुढे केला. "दाखवा."

त्या ओळी मी छापून नेल्या होत्या. सरांनी पेन्सिल घेतली आणि एकेका अणूपुढे खूण करत गेले. दहा मिनिटं. मी त्यांच्या पेन्सिलीकडे बघत बसले, आणि मूर्खासारखी आशा करत होते की माझंच काहीतरी चुकलेलं निघेल. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"बरोबर आहे तुमचं. हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं."

त्यांनी कागद घडी करून मला परत दिले. आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या.

"आता हे प्रकरण काढायचं म्हणजे काम पुन्हा सहा-आठ महिन्यांचं. तोवर मी नसेन. माझ्यानंतर विभागात या विषयाचं कोणी नाही. नवा मार्गदर्शक म्हणजे नवा विषय, नवी नोंदणी. तुमची मुदतवाढ आधीच दोनदा झालेली आहे, तिसरी देणार नाहीत." हे सगळं ते तक्रार म्हणून नाही, हिशेब मांडल्यासारखं सांगत होते. "शेवटी मर्यादा म्हणून जो भाग आहे, त्यात एक परिच्छेद घाला. काही स्पर्श हे पर्यायी जागा कशा धरल्या त्यावर अवलंबून असू शकतात. खोटं नाही ते. पेपरचं नंतर बघू."

मी वाद घालायला हवा होता. एरवी मी बायंडिंगवाल्याशीही वाद घालते. पण खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटतंय याची लाज वाटली, आणि या दोन्हींच्या मध्ये मी "हो सर" म्हणून मोकळी झाले. परतीच्या बसमध्ये मी तो परिच्छेद मोबाइलवर लिहिला. चार ओळींचा. त्यात अठ्ठ्याऐंशी नव्हता, दोनशे बारा नव्हता, कडी नव्हती. प्रत्येक वाक्य खरं होतं.

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते आणि संध्याकाळी गुणवंतांचा सत्कार. दहावी-बारावीची मुलं, एखादा सीए, एखादी नाचात बक्षीस मिळवलेली मुलगी. त्या वर्षी खालच्या फळ्यावर सेक्रेटरीकाकांनी माझंही नाव लिहिलं होतं, आणि नावापुढे रंगीत खडूने 'डॉ.' मी आठवड्यापूर्वीच त्यांना सांगितलं होतं, अजून मिळालेली नाही, पुसा. ते म्हणाले, "अगं, आता काय, मिळाल्यातच जमा." बाबा शेजारी उभे होते. बाबांनी ते अक्षर पुसू दिलं नाही.

शाल पांघरली, नारळ हातात दिला, आणि सेक्रेटरीकाका माइकवर म्हणाले, "आता आमच्या डॉक्टरबाईंनी चार शब्द सांगावेत, सोप्या भाषेत." मी म्हणू शकले असते की मी प्रोटीनच्या रचनेवर काम करते, धन्यवाद, आणि खाली उतरले असते. पण समोर बाबा पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी कडीची गोष्ट सांगितली. डबीची दोन झाकणं, आत औषध, आणि ती छोटीशी कडी जी दार लावून घेते. छान सांगितली, सवयच होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्या रात्री घरी आल्यावर आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोललो नाही. आईला वाटलं मी दमलेय.

दोन दिवसांनी प्रबंध जमा झाला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, चौथ्या प्रकरणात जुनंच चित्र, जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेलं, फक्त मोठ्या साइजमध्ये. पुढे तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कडीचं कौतुक केलं. मर्यादांच्या भागावर कोणी काही विचारलं नाही. पेपरचं नंतर बघू असं ठरलं होतं, ते ना सरांनी बघितलं ना मी.

मला घोडबंदर रोडवरच्याच एका कंपनीत नोकरी लागली. काम तेच, कोण कोणाला टेकलंय ते बघायचं, आता औषध कंपन्यांसाठी. पहिल्या दिवशी मी जुन्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ घातली. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात ए आणि बी बद्दल इतकं दमात घेऊन सांगते की त्यांना वाटतं मॅडमचं काहीतरी बिनसलंय. माझा स्टॉप सरांच्या टॉवरच्या दोन स्टॉप पुढे येतो. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना एकदाही भेटायला गेले नाही. बस त्यांच्या बाजूला अडकली की मी मोबाइलमध्ये डोकं घालते. एकदा ते फूटपाथवर दूध घेऊन चाललेले दिसले आणि मी खिडकीपासून मागे सरकले. त्यांनी माझं काहीही वाईट केलं नव्हतं. मला डॉक्टरेट मिळवून दिली होती.

या वर्षी एका दुपारी मला एक ईमेल आला. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलीचा. इंग्रजीत सुरू केलेला आणि तिसऱ्या वाक्यापासून मराठीत शिरलेला. तिने आमचा पेपर वाचून आपला विषय घेतला होता. तिच्या मांडणीप्रमाणे अठ्ठ्याऐंशीवा मणी बदलला की कडी तुटेल आणि औषध सुटून जाईल. एंझाइम ती स्वतः तयार करते, जिवाणूंमध्ये वाढवून, गाळून, शुद्ध करून. चार वेळा केलं. चारही वेळा औषध जिथल्या तिथे. "आमच्या मॅडम म्हणतात तुझा हातच कच्चा आहे. मलाही तसंच वाटायला लागलंय. दीड वर्ष झालं. पेपर चुकीचा असणार नाही, म्हणजे माझंच कुठेतरी चुकतंय. आपण प्रयोगाच्या पद्धतीबद्दल काही सुचवाल का?"

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. एकदा वाटलं, तिला लिहावं, प्रबंधातला मर्यादांचा भाग पहा. ते खरंच असतं. ती ते चार ओळींचं वाचते, त्यात काही सापडत नाही आणि पाचव्यांदा जिवाणू वाढवायला घेते, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. वाटलं, सरांना फोन करावा, पण मग तेच वाक्य पुन्हा, पेपरचं बघू. तीन दिवस मी घरी सगळ्यांवर खेकसले. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद करून टाकला.

चौथ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी उत्तर लिहिलं. तुझा हात कच्चा नाही. तुझे चारही प्रयोग बरोबर आहेत, त्यांनी दाखवलं तेच खरं आहे. अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे बारा एकमेकांना टेकत नाहीत. एक 'ए' आहे आणि एक 'बी'. फाइलीतल्या ओळींचे क्रमांक दिले, दुरुस्त केलेला प्रोग्रॅम जोडला, आणि हे पत्र तुझ्या मॅडमना दाखव असंही लिहिलं. पेपर मागे घेण्यासाठी मी मासिकाला लिहिते आहे, हेही लिहिलं, म्हणजे मग लिहावंच लागेल. आणि पाठवलं.

वीस मिनिटांत तिचं उत्तर आलं. मला वाटलं होतं ती आभार मानेल, किंवा चिडेल. एकच ओळ होती.

"मॅडम, हे तुम्हाला कधी कळलं?"

मी आधी 'अलीकडेच' लिहिलं. मग ते खोडलं. सुट्टी संपून लोक जागेवर यायला लागले होते. मी लिहिलं, "प्रबंध जमा करायच्या अकरा दिवस आधी," आणि पाठवलं. त्यानंतर तिचं काही आलं नाही.